अंडी देणाऱ्या लाव्हीला झाडपाला : कशासाठी आणि किती?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते डॉक्टर तालुक्याच्या दवाखान्यात उभा जन्म राबले. गोठ्यात किंवा खुराड्यात पाऊल टाकल्यावर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे : ‘खातंय किती?’ आणि उत्तर ‘बऱ्यापैकी’ असं आलं, की ते तराजू मागवत. औषधाची पेटी त्यानंतर उघडायची. आज मी जो विषय घेतला आहे, त्याला याच प्रश्नापासून सुरुवात करणं भाग आहे.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे लाव्ही पाळणारे वाढले. बाजारात तिला बटेर म्हणतात. कुणी घरामागच्या पडवीत शंभर पक्षी ठेवलेत, कुणी दोन-तीन हजारांचं शेड टाकलंय, बचतगटाच्या बायका वाफवलेली अंडी बाजाराच्या दिवशी विकतात. पाळणारे वाढले तसे पुड्या विकणारेही वाढले. शेवगा, हळद, मेथी, शतावरी, लसूण, कलौंजी; पोत्यावर हिरव्या पानांचं चित्र आणि खाली दावा, की अंडी वाढतील, कवच जाड होईल, बलक लाल होईल, मर थांबेल. मला या वनस्पतींबद्दल मनापासून आदर आहे. म्हणूनच मला वाटतं, की प्रत्येकीला आपण एक नेमकं काम सांगावं, त्या कामाचं माप आधी ठरवावं, आणि ती वनस्पती न घातलेला एक पिंजरा शेजारी ठेवावा. एवढं केलं तर त्यातली काही झाडं आपल्याला खरोखर पैसा मिळवून देतील. काही देणार नाहीत, आणि तेही आपल्याला कळेल.

आधी पक्षी ओळखू. आपल्या माळरानावर, गवतात फडफडून उठणारे लावे वेगळे. ते रानपाखरू आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, त्याला धरणं-विकणं गुन्हा आहे. आपण पाळतो ती जपानी लाव्ही. जपानात हा पक्षी आधी त्याच्या आवाजासाठी पाळत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं त्याची अंड्यांसाठी शेती सुरू झाली, दुसऱ्या महायुद्धात ती जवळजवळ नामशेष झाली आणि युद्धानंतर उरल्यासुरल्या पक्ष्यांपासून पुन्हा उभी राहिली. आज आयची प्रांतातलं तोयोहाशी शहर तिथल्या लाव्हीच्या अंड्यांचं मोठं केंद्र आहे. भारतात हा पक्षी १९७४ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसहून बरेलीजवळच्या इज्जतनगरला आला. तिथं १९७९ साली केंद्रीय पक्षी संशोधन संस्था सुरू झाली आणि आपल्या हवामानाला साजेशा जाती तयार करण्याचं काम तिनं केलं.

हा पक्षी फार घाईचा आहे. सतरा-अठरा दिवसांत पिल्लू अंड्यातून बाहेर येतं, सहा-सात आठवड्यांत मादी अंडं घालू लागते. वर्षाला अडीचशे ते तीनशे अंडी. मादीचं वजन दीडशे ते दोनशे ग्रॅम, अंडं दहा ग्रॅमच्या आसपास. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या पाच-सहा टक्के माल ती जवळजवळ रोज बाहेर टाकते. दीड किलोच्या लेयर कोंबडीचं अंडं तिच्या वजनाच्या चार टक्क्यांच्या आतबाहेर असतं. तेव्हा खाद्यातली चूक लाव्हीला कोंबडीपेक्षा लवकर भोवते.

संध्याकाळी चारनंतर कधी शेडमध्ये शांत उभं राहून बघा. कोंबडी सकाळी अंडं घालते, लाव्हीची वेळ दुपार टळल्यानंतरची. पिंजऱ्यात एखादी मादी थोडी दबून बसते, शेपटीकडचा भाग खाली झुकतो आणि ओलसर, चकाकतं अंडं जाळीवरून घरंगळत पुढच्या पन्हाळीत येतं. लगेच हातात घेऊन बोट फिरवलं तर त्यावरचा तपकिरी ठिपका पुसला जातो. रंग अजून वाळलेला नसतो. तो रंग शेवटच्या काही तासांत चढतो, आणि प्रत्येक मादीची नक्षी आपापली असते. अनुभवी बाई पन्हाळीतली अंडी बघून सांगते, की अमक्या पिंजऱ्यातल्या अमकीचं आज आलं नाही. ठिपके फिके पडले, पांढुरकी अंडी येऊ लागली, तर पक्षी घाबरला आहे, आजारी आहे किंवा अंडं वेळेआधी बाहेर पडलं आहे, असं समजून बघायला लागावं.

आता हिशेब. दहा ग्रॅमच्या अंड्याचं कवच साधारण आठशे मिलिग्रॅम. ते जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्याचा ४० टक्के भाग कॅल्शियम. म्हणजे एका कवचाला ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. लाव्ही दिवसाला २५ ग्रॅम खाद्य खाते असं धरू. खाद्यात ३ टक्के कॅल्शियम असेल, तर पोटात ७५० मिलिग्रॅम जातं. निम्मं अंगी लागलं तरी कवचाची गरज भागते. आता शेवग्याची पुडी घ्या. शेवग्याच्या पानांच्या पावडरीत कॅल्शियम खूप, हे अगदी खरं. शंभर ग्रॅममध्ये दोन ग्रॅमपर्यंत. पण खाद्यात ती आपण १ टक्का घालतो. पंचवीस ग्रॅमचा एक टक्का म्हणजे पाव ग्रॅम. त्यातून मिळणारं कॅल्शियम ५ मिलिग्रॅम. कवचाला हवं ३००. साठावा हिस्सा! शेवग्यानं कवच जाड होतं असं सांगणाऱ्याला हा आकडा शांतपणे विचारा. कवचासाठी शिंपल्याचा चुरा किंवा चुनखडीची ग्रिट लागते, तीही थोडी जाडसर, आणि शक्य असेल तर तिचा एक वाटा संध्याकाळच्या खाद्यात. अंडं पडून गेलं की थोड्याच वेळात पुढच्या अंड्याची तयारी सुरू होते आणि त्याचं कवच रात्रभर व दुसऱ्या दिवशी भरत राहतं. जाड कण पेषणीत रेंगाळतात आणि रात्रभर झिरपत राहतात.

तीच गोष्ट प्रथिनांची. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं १९९४ साली छापलेल्या तक्त्यात अंड्यावरच्या लाव्हीला २० टक्के प्रथिनं सांगितली आहेत, पिल्लांना २४. आपल्याकडे किती जण कोंबडीचं लेयर मॅश सरळ लाव्हीला घालतात! त्यात प्रथिनं १६-१७ टक्के असतात. मग अंडी कमी येतात, लहान येतात, आणि उपाय म्हणून वर हळद भुरभुरली जाते. सोया पेंडीची तूट हळद भरून काढू शकत नाही. अझोल्याचंही तसंच. वाळलेल्या अझोल्यात प्रथिनं चांगली असतात, पण ताज्या अझोल्यात चौऱ्याण्णव टक्क्यांच्या आसपास पाणीच. एक ग्रॅम सुका माल लाव्हीच्या पोटात घालायला सोळा-सतरा ग्रॅम ओला अझोला खाऊ घालावा लागेल, आणि मग तिच्या इवल्याशा पोटात दाण्याला जागा कुठं उरणार? पोटाची ही मर्यादा फार कमी लोक ध्यानात घेतात. पाला दहा टक्के घातला, की दहा टक्के मका किंवा पेंड बाहेर गेली आणि तंतू वाढले, हे धरूनच चालावं.

इतकं सांगितल्यावर कुणाला वाटेल, हा माणूस झाडपाल्याच्या विरोधात बोलायला उभा आहे. तसं नाही. ताट भरलं आहे याची खात्री झाल्यावर वनस्पतींचं जे काम उरतं, ते फार सुंदर आहे, आणि मला त्याच्याकडेच यायचं आहे.

वनस्पतींकडे जग वळलं त्याला कारण घडलं. १९४९-५० च्या सुमारास अमेरिकेत स्टोकस्टाड आणि ज्यूक्स यांना दिसलं, की ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक तयार करताना उरलेला चोथा पिल्लांना घातला तर ती झपाट्यानं वाढतात. मग खाद्यात प्रतिजैविकं रोजच्या रोज, थोडी थोडी घालायची रीत जगभर पसरली. त्यातून औषधांना दाद न देणारे जंतू तयार झाले. स्वीडननं १९८६ साली वाढीसाठी प्रतिजैविकं वापरणं थांबवलं, युरोपीय संघानं १ जानेवारी २००६ पासून. भारतानं २०१९ साली अन्नासाठी पाळलेल्या जनावरांमध्ये कोलिस्टिनवर बंदी घातली. माणसाच्या शेवटच्या फळीतलं औषध कोंबड्यांच्या खाद्यात मिसळलं जात होतं. ही जागा रिकामी झाली तेव्हा ओवा, लसूण, थाइम, दालचिनी यांच्या अर्कांकडे खाद्यवाल्यांचं लक्ष गेलं. या पदार्थांत जंतू रोखण्याची ताकद आहे, हे प्रयोगशाळेच्या बशीत वारंवार दिसलेलं आहे.

ही ताकद झाडात आली कशासाठी? ओव्यातला थायमॉल, लसणातला अॅलिसिन, मेथीतली कडू सॅपोनिनं, मिरचीतला तिखटपणा, हे झाडानं बुरशीला, किड्याला, चरणाऱ्या तोंडाला दूर ठेवायला केलेलं शस्त्र आहे. मात्रेत घेतलं तर ते आपल्या उपयोगी पडतं, मात्रा चुकली तर झाड आपलं मूळ काम करतं. कॅलिफोर्नियातल्या रानलाव्यांवर स्टार्कर लिओपोल्ड आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली ‘सायन्स’मध्ये छापलेलं काम मी विद्यार्थ्यांना दरवर्षी वाचायला देत असे. तो पक्षी आपल्या लाव्हीपेक्षा वेगळ्या कुळातला. दुष्काळी वर्षांत तिथली खुरटलेली रोपं स्त्रीसंप्रेरकासारखी द्रव्यं जास्त बनवतात, तो पाला खाऊन लाव्यांची वीण कमी होते, असं त्यांनी मांडलं. पावसाच्या वर्षी रोपं तरारून येतात, ती द्रव्यं नगण्य होतात आणि वीण वाढते. ‘ही वनस्पती स्त्रीसंप्रेरकासारखी आहे, म्हणून अंडी वाढतील’ असं पुडीवर छापणाऱ्यांनी हा लेख वाचावा. संप्रेरकासारखं द्रव्य वीण वाढवेल की थांबवेल, हे मात्रेवर आणि वेळेवर ठरतं. शतावरीचं नाव गाई-म्हशींच्या दुधासाठी घेतलं जातं; तिथली कीर्ती पक्ष्याच्या अंडाशयाला आपोआप लागू पडत नाही, त्यासाठी पक्ष्यावरचा पुरावा हवा.

लाव्ही जे खाते ते आपल्यापर्यंत पोचतं, याचं टोकाचं उदाहरण भूमध्य समुद्राकाठचं आहे. तिथं स्थलांतराच्या हंगामात रानलावे खाल्ल्यावर काही माणसांचे स्नायू झिजून मूत्रपिंडं बंद पडल्याची नोंद आहे. ग्रीसच्या लेस्बॉस बेटावर असे रुग्ण सापडले. लावे विषारी बिया खातात, हे रोमन लेखक प्लिनीनंही लिहून ठेवलं होतं. नेमकी वनस्पती कोणती, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. पिंजऱ्यातल्या आपल्या पक्ष्यांना हा धोका नाही, ते रानात चरत नाहीत. पण ‘वनस्पती आहे, अपाय काय होणार?’ या वाक्यावर माझा विश्वास का नाही, ते यावरून लक्षात यावं.

आता वनस्पतींच्या सर्वांत पक्क्या कामाकडे येतो. ते म्हणजे बलकाचा रंग.

पक्ष्याला पिवळा रंग स्वतः बनवता येत नाही. बलकातला पिवळा-केशरी रंग झँथोफिल नावाच्या द्रव्यांचा, आणि ती येतात खाद्यातून. पिवळ्या मक्यात किलोला वीस मिलिग्रॅमच्या आसपास असतात. ज्वारीत फारच कमी, पांढऱ्या मक्यात आणि तांदळाच्या कणीत जवळजवळ नाहीतच. आता सोलापूर-मराठवाड्याकडचा शेतकरी, मका महाग झाला की ज्वारी घालतो. त्यात काही चूक नाही, चांगल्या ज्वारीवर लाव्ही उत्तम अंडी देते. पण वाफवलेलं अंडं कापलं की बलक फिकट, पांढुरका दिसतो आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं. इथं झेंडू कामाला येतो. दसरा-दिवाळी संपली, की दुसऱ्या दिवशी बाजारातून झेंडूचे ढीग कचऱ्यात जातात, हे बघताना माझा जीव तुटतो. त्या ढिगातली जुनी, कुजकी फुलं आणि औषधं फवारलेला माल घेऊ नका. पण आपल्याच शेतातली उरलेली ताजी केशरी फुलं पाकळ्या सुट्या करून सावलीत वाळवली, कुरकुरीत झाल्यावर दळून काळ्या पिशवीत बांधून ठेवली, तर महिनाभर बलकाला रंग पुरवतात. ऊन आणि उजेड रंग खातो, म्हणून सावली आणि काळी पिशवी. पाकळीचा हिरवा देठ घेऊ नये, त्यात रंग नाही आणि तंतू मात्र आहेत.

झेंडू पिवळेपणा देतो. केशरी-लाल छटा हवी असेल तर मिरची. ब्याडगीत रंग भरपूर आणि तिखटपणा कमी, म्हणून तिला मान. पण तिखट मिरचीही पक्षी निमूट खातो. तिखटाची जाणीव ज्या ग्राहीमुळे होते, तो डेव्हिड ज्युलियस यांनी शोधला. त्या कामासाठी त्यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. पक्ष्यांमधला तोच ग्राही तिखटाला दाद देत नाही. मिरचीची बी दूरवर पेरणारे पक्षीच, त्यांना झाड कशाला हाकलेल? उंदरा-घुशींना मात्र तिखट झोंबतं.

रंगाचं काम मला आवडतं, कारण ते डोळ्यांनी मोजता येतं आणि लवकर दिसतं. लाव्हीचा बलक पाच-सहा दिवसांत भरतो, त्यामुळे आज पाकळी घातली तर आठवड्याच्या आत फरक दिसू लागतो. रंगपट्ट्यांचा पंखा मिळतो, तो बलकाशेजारी धरून आकडा लिहायचा. पंखा नसेल तर दोन पिंजऱ्यांची अंडी एकाच पांढऱ्या बशीत फोडून दिवसाच्या उजेडात शेजारी-शेजारी ठेवा. पण गिऱ्हाइकाला खरं सांगा. गडद बलक म्हणजे जास्त प्रथिनं, असं नसतं. झेंडूतलं ल्युटिन डोळ्याच्या पडद्यातही असतं, तेवढं जरूर सांगावं. त्यापुढचा दावा करू नये.

दुसरं पक्कं काम जवसाचं. नागपूर-चंद्रपूर पट्ट्यातली मंडळी जवसाची चटणी खाऊन वाढलेली आहेत, त्यांना वेगळं सांगायला नको. जवसाच्या तेलाचा निम्म्याहून अधिक भाग ओमेगा-३ गटातल्या एका स्निग्धाम्लाचा. लाव्ही ते बलकात उतरवते आणि त्यातल्या थोड्या भागाचं माशात असतं तसं लांब साखळीचं आम्लही बनवते. हे काम कोंबडी आणि लाव्ही दोघींमध्ये अनेकदा दिसलं आहे. पण जवसातही झाडाची शस्त्रं आहेत : सायनाइड सोडणारी द्रव्यं आणि ब-६ जीवनसत्त्वाच्या आड येणारं एक द्रव्य. भाजल्यानं त्रास कमी होतो. दहा टक्क्यांच्या वर गेलं की बलकाला माशासारखा वास येऊ शकतो. शिवाय हे तेल लवकर खवट होतं, म्हणून दळलेलं जवस आठवड्याभराचंच ठेवावं आणि खाद्यात ई जीवनसत्त्व पुरेसं असावं. मी विदर्भातल्या पाळणाऱ्यांना पाच टक्क्यांपासून सुरुवात करायला सांगतो.

लसूण, मेथी, कलौंजी, हळद, आलं यांच्याबद्दल काय म्हणावं? इजिप्त, तुर्कस्तान, इराण, इराक आणि आपल्याकडे लाव्हीवर यांचे पुष्कळ प्रयोग झाले. लाव्ही छोटी, खाणं थोडं, पिढी लवकर उभी राहते. एका खोलीत सहा महिन्यांत विद्यार्थ्याचा प्रबंध पुरा होतो. निकाल मात्र एकसारखे नाहीत. कुठं अंडी वाढली, कुठं नुसतं वजन वाढलं, कुठं काहीच नाही. मला याची कारणं दिसतात. उत्तम खाद्यावरची, स्वच्छ पिंजऱ्यातली लाव्ही शंभरातल्या नव्वद दिवशी अंडं देत असेल, तर तिथं सुधारणेला जागा किती? दिवसाला एकाहून जास्त अंडं निसर्गानंच ठेवलेलं नाही. अस्वच्छ शेडमध्ये, जुलाब चालू असलेल्या पक्ष्यांत तीच पुडी चमत्कार वाटेल. दुसरं, वनस्पतीचा माल एकसारखा नसतो. लसूण ठेचल्यावर अॅलिसिन तयार होतो, आणि तो बनवणारं विकर उष्णतेनं मरतं. मग भट्टीत वाळवलेल्या लसणाच्या भुकटीकडून कसली अपेक्षा करायची? हळदीत कर्क्युमिन दोन टक्के आहे की पाच, हे वाणावर आणि जमिनीवर ठरतं. अर्धा टक्का हळद घातली, तर लाव्हीच्या पोटात दिवसाला चार-पाच मिलिग्रॅमच्या आसपास कर्क्युमिन जातं, आणि ते आतड्यातून रक्तात फार कमी उतरतं. तिसरं, प्रयोगातले पक्षी थोडे आणि दिवसही थोडे.

मग यातून हाती काही लागतं का? मला वाटतं, लागतं, आणि ते उन्हाळ्यात. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ च्या घरात जातो. लाव्ही चोच उघडून धापा टाकते, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, रक्त अल्कधर्मी होतं, कवचाला लागणारं बायकार्बोनेट आणि मोकळं कॅल्शियम दोन्ही घटतात. कवच कागदासारखं पातळ येतं. पक्षी क जीवनसत्त्व स्वतःच्या मूत्रपिंडात बनवतो, पण या ताणात ते पुरत नाही. अशा दिवसांत आवळा, हळद, शेवगा यांतली ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्यं उपयोगी पडतात, असं बऱ्याच अभ्यासांचा कल सांगतो. इथं या झाडांना नेमकं काम आहे. पण छपरावर गवत, त्यावर पाण्याचा शिडकावा, हवेशीर शेड आणि पहाटेचं खाद्य यांच्यानंतर आवळ्याचा नंबर लागतो.

काही पाला घालूच नये. सुबाभळीत मिमोसिन हे विषारी द्रव्य असतं. सरकीच्या पेंडीतल्या गॉसिपॉलनं साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी पडतो आणि तिच्यातल्या तेलानं पांढरा भाग गुलाबी होतो. खानदेश-विदर्भात सरकी स्वस्त मिळते, म्हणून मुद्दाम सांगतो. आणि सर्वांत मोठा शत्रू म्हणजे बुरशी. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, ते ब्राझीलच्या भुईमुगाच्या पेंडीतल्या अफ्लाटॉक्सिननं. कोकणात पावसाळ्यात घरी वाळवलेल्या पाल्याची भुकटी हाताला मऊ लागते, चुरगाळली की गोळा होते. असला पाला लाव्हीला घालू नका, मग तो कितीही औषधी असो.

आता प्रयोगाबद्दल बोलतो, कारण आज इथं बसलेल्यांपैकी प्रत्येक जण तो करू शकतो. एकाच उबवणीचे, एकाच वयाचे पक्षी घ्या. आठ पिंजरे करा, प्रत्येकात बारा-पंधरा माद्या. चार पिंजऱ्यांना पुडी, चारांना नाही. पुडीचे सगळे पिंजरे दाराजवळ आणि बाकीचे कोपऱ्यात असं करू नका. वरच्या कप्प्यात उष्णता जास्त, खाली उजेड कमी, म्हणून आलटून-पालटून ठेवा. दिवा सर्वांना सारखा, दिवसाचा उजेड धरून सोळा तास. पुडी सुरू करण्याआधी दोन आठवडे नुसती नोंद ठेवा. तेव्हाच कळेल, की चांगला पिंजरा आधीपासूनच चांगला होता. नंतर आठ आठवडे पुडी. रोज अंडी मोजा, आठवड्यातून एकदा सगळी अंडी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला, तडकलेली वेगळी लिहा. टाकलेलं खाद्य आणि उरलेलं खाद्य, दोन्ही तोला; लाव्ही चोचीनं खूप उडवते, तेव्हा खाली ताडपत्री अंथरून सांडलेलंही उचला. शेवटी गट उलटे करून पुन्हा आठ आठवडे. दोन्ही वेळा पुडीच्या बाजूला अंडी जास्त आली, तर मी पहिला येऊन ती पुडी विकत घेईन.

विद्यार्थ्यांना आणि विद्यापीठातल्या माझ्या सहकाऱ्यांना माझी विनंती आहे. सहा आठवड्यांचा प्रयोग वातानुकूल खोलीत पुष्कळ झाला. एक पूर्ण वर्ष, मार्च ते मे धरून, शेतकऱ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये, आपल्याच ज्वारीवर आणि आपल्याच झेंडूवर प्रयोग लावा. पुडीतला मुख्य घटक किती टक्के आहे, हे पाकिटावर छापणं सक्तीचं व्हावं यासाठी आपण सगळ्यांनी मागणी लावून धरू. शेतकऱ्याच्या पैशाची फसवणूक मला सहन होत नाही, आणि चांगल्या झाडाचं नाव बदनाम होतं, तेही नाही.

शेवटचा हिशेब मांडतो आणि प्रश्नांसाठी वेळ मोकळा करतो. समजा तुमच्याकडे हजार लाव्ही आहेत. रोजचं खाद्य २५ किलो. पुडी एक टक्का, म्हणजे रोज २५० ग्रॅम. किलोला ३०० रुपये भाव धरला, तर रोजचे ७५ रुपये. अंडं तुम्ही ३ रुपयांना विकत असाल, तर ती पुडी फुकट पडायलाच रोज २५ अंडी जास्त मिळायला हवीत. हजारात पंचवीस. म्हणजे उत्पादन अडीच टक्क्यांनी वर जायला हवं, आणि नफा त्यानंतर सुरू होतो. तुमच्या वहीत पुडीच्या आणि बिनपुडीच्या पिंजऱ्यांमधला फरक याहून मोठा आहे का, तो तिसऱ्या आठवड्यात दिसतो की फक्त पहिल्यात, आणि मे महिन्यात टिकतो का, एवढं बघा. कुणाकडे अशी वही आधीच असेल, तर आज ती घेऊन पुढे या. मला ती वाचायची आहे.